आधी एक डोळा झाका

नवरात्र सरत आलं की ढग घाट चढून पलीकडे निघून जातात, आणि आमच्या चष्म्याच्या दुकानात चष्म्याची गरज नसलेली माणसं यायला लागतात. काउंटरवर हात टेकतात, इकडेतिकडे बघतात आणि जरा हळू आवाजात विचारतात, "तुमच्याकडे दुर्बीण मिळते म्हणे?"

हळू आवाजात का, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पन्नाशीच्या माणसाला तारे बघावेसे वाटले तर त्यात लाजायचं काय? पण लाजतात खरे. 'पुतण्यासाठी हवी होती', 'सोसायटीत कुणीतरी विचारत होतं' असं काहीबाही सांगतात.

दुकान कर्जतच्या बाजारपेठेत, माझ्या वडिलांनी काढलेलं. मी त्यांच्या हाताखाली भिंगं घासायला शिकले, मग डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि उरलेलं आयुष्य लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची" म्हणण्यात घालवलं. वडिलांना आकाशाचा नाद होता. चष्म्यांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर त्यांनी दोन-तीन दुर्बिणी ठेवल्या त्या हौसेपोटी. त्यांच्यामागे ती फळी माझ्याकडे आली, आणि फळीबरोबर एक रुखरुखही आली.

चष्म्याचं बरं असतं. माणूस नवा चष्मा लावून दुकानाच्या पायरीवर उभा राहतो, समोरच्या मेडिकलची पाटी वाचतो आणि हसतो. काम झालं. दुर्बीण तशी नसते. ती खोक्यातून निघून जाते आणि तिचं पुढं काय झालं ते मला कळत नाही. पहिल्या आठवड्यात चंद्र बघितला असेल. मग? मग ढग आले असतील, तिवई डगमगली असेल, बायको म्हणाली असेल 'ही अडगळ किती दिवस हॉलमध्ये?' आणि ती माळ्यावर गेली असेल. आमच्या भागातल्या माळ्यांवर किती दुर्बिणी पडून असतील, या विचाराने मी कित्येकदा दुकानाचं शटर ओढता ओढता थांबले आहे. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावून "काय, बघता ना?" असं विचारायची मला खोडच लागली. बहुतेक जण म्हणायचे, "हो हो, बघतो की." त्या 'की'वरून मला कळायचं.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! पळसदरीकडे बंगला बांधलेले एक गृहस्थ आले होते. त्यांना दुर्बीण पितळीच हवी होती, कारण हॉलमधला पंखा पितळी होता. त्यांचा दुसरा प्रश्न तोच, जो सगळे विचारतात: "यातून किती लांबचं दिसतं?"

मी म्हटलं, "लांबचं तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. अंधाऱ्या जागी गेलात तर देवयानी दीर्घिका दिसते. तिचा प्रकाश लाखो वर्षं चालून तुमच्या डोळ्यात येतो. यापेक्षा लांबचं काय बघायचंय?"

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. ते पितळ शोधायला मुंबईला गेले.

आणि नेरळच्या एक बाई. नवऱ्याने हौसेने दुर्बीण नेली, चार दिवसांनी बाई ती काखोटीला मारून परत घेऊन आल्या. "काल यांनी मला शनी दाखवला. धाकट्याला साडेसाती चालू आहे, आणि हे शनीला मोठा करून बघतायत!" मी त्यांची समजूत घातली की दुर्बिणीतून बघितल्याने शनी एक बोटभरही जवळ येत नाही. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "गुरू बघितला तर चालेल ना?" चालेल म्हटलं. दुर्बीण परत गेली. त्या घरात ती अजून वापरात आहे, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण साडेसाती संपल्यावर बाईंनी शनीही बघितला आणि मला फोन करून कळवलं की तो दिसायला चांगला आहे.

नवख्या माणसाने पहिली दुर्बीण कशी निवडावी, हे मी आयुष्यभर एकाच उदाहरणाने सांगत आले. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की ही वस्तू इतके पट मोठं दाखवते. ते वाचायचं नाही. तांदळाच्या पिठाचा गोळा हातात तेवढाच असेल, आणि तुम्ही भाकरी थापत थापत परातीएवढी करायला गेलात, तर काय होईल? पातळ होईल, मग फाटेल. दुर्बिणीचं तेच. तिचं पुढचं तोंड जेवढं रुंद, तेवढा प्रकाश आत येतो. तो तुमचा गोळा. गोळा लहान आणि मोठं करण्याची हाव जास्त, तर चंद्राच्या जागी धुरकट पांढरं काहीतरी दिसतं. म्हणून तोंड किती रुंद आहे ते विचारा आणि खालचा टेकू हलतो का ते बघा. बोट लावल्यावर जी दुर्बीण थरथरते, तिच्यातून गुरू नव्हे, गुरूचा नाच दिसतो. आणि शक्य असेल तर पहिले काही महिने काहीच घेऊ नका. नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखीचं करा.

हे शेवटचं वाक्य धंद्याला मारक. पण ते मी घोसाळकरांनाही सांगितलं होतं.

घोसाळकर खोपोलीहून आले ते दिवाळीच्या आधी. कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, फिटर, अंगाने काटक, नाकावर जाड उणे नंबरचा चष्मा. मी स्टूल पुढे केलं. ते बसले, लगेच उठले, पायरीपर्यंत गेले, परत आले.

"ताई, मला मोठी दाखवा. बारकी नको."

"बसा तर खरं. तारे बघायची हौस आधीपासून?"

"हौस कसली! तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. आता रात्री झोप येत नाय नि दिवसा बसवत नाय. घरात फिरतो तर शैला वराडते, सगळ्या चाळीला जागं करता म्हणून. मग जातो गच्चीवर. गच्चीवर माणसानं वर बघायचं नाय तर काय करायचं?"

आकाशाकडे वळण्याचं इतकं प्रामाणिक कारण मला तोवर कुणी दिलं नव्हतं. मी त्यांना भाकरीचं उदाहरण सांगितलं. ते खूश झाले. मग म्हटलं, "आधी नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध ओळखून या. मग दुर्बीण देते." ती खुशी लगेच विरघळली.

"म्हंजे परीक्षा?"

"तसंच समजा."

पण माणूस इरेला पेटला. दर दोन-तीन दिवसांनी खोपोलीहून कर्जतला यायचा. कृत्तिका सापडल्या. रोहिणी लालसर आहे, बरोबर ना? मृगाचा बाण दिसला, पण व्याध फार उशिरा उगवतो, त्याला सूट द्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून नवनवीन दुर्बिणींची नावं घेऊन यायचा. आज भिंगाची हवी, उद्या आरशाची, परवा मोटर लावलेली, जी आपणहून तारे शोधते. तो दुकानात आला की मलाही एका जागी बसवेना. काउंटरच्या आत मी आणि बाहेर तो, दोघंही फेऱ्या मारत बोलायचो.

शेवटी एक आरशाची, रुंद तोंडाची, लाकडी खोक्यावर टेकवायची साधी दुर्बीण त्यांनी नेली. खोक्यात कंपनीने सूर्य बघायला म्हणून एक काळी काच दिलेली असते. डोळा लावायच्या भिंगावर, म्हणजे आयपीसवर ती बसवायची आणि सूर्याकडे बघायचं, असा तिचा उपयोग. उन्हाने तापून ती तडकली की डोळा गेलाच. दुर्बीण गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ती काच काढून मी हातोडीने फोडते. घोसाळकरांसमोरही फोडली. "आणि चष्मा काढून बघितलंत तरी चालेल," मी सांगितलं. "तुमच्या नंबराएवढं दुर्बीण जुळवून घेते."

"चष्म्याशिवाय? मला?" त्यांचा विश्वासच बसेना. लहानपणापासून चष्म्याशिवाय जग बघितलेलं नव्हतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "ताई, गुरूला चार पोरं हायेत! एका रांगेत! नि चष्मा खिशात!"

त्या हिवाळ्यात मला त्यांच्याबद्दल रुखरुख वाटली नाही. ही दुर्बीण माळ्यावर जाणार नव्हती.

लग्नसराई सुरू झाली होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, आणि घोसाळकर दुर्बीण टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून पायरी चढले. चेहरा उतरलेला.

"ताई, ही दुर्बीण खोटी हाय."

"काय झालं?"

"खालनं काळं येतंय. गोलाचा खालचा तुकडाच दिसत नाय. आधी वाटलं आत कचरा गेला. चिलटं उडाल्यागत ठिपके दिसत हुते. पुसलं. पण काळं वाढतंच हाय. आरसा सरकला असणार."

आरसा सरकू शकतो. आमच्या दमट हवेत आरशावर बुरशीही चढते. दुकानाच्या मागच्या गॅलरीतून डोंगरावरचा विजेचा मनोरा दिसतो, तिथे मी दुर्बिणी तपासते. ऊन पाठीशी आहे ना ते बघून दुर्बीण रोखली, डोळा लावला. मनोरा उलटा, पण स्वच्छ. गोल पूर्ण. कुठे काळं नाही.

"मला तर दिसतंय सगळं."

घोसाळकरांनी चष्मा काढून उजवा डोळा लावला. "हे काय काळं! खाली."

मी त्यांना डोळा लावून ठेवायला सांगितलं आणि आयपीस हळूच फिरवली. काच खराब असती तर काळं तिच्याबरोबर फिरलं असतं. "फिरलं?" "नाय." आयपीस बदलली. "आता?" "तिथंच हाय." मग दुर्बिणीचं आख्खं नळकांडं त्याच्या कड्यांत फिरवलं. मनोरा कलला असणार, पण घोसाळकर म्हणाले, "मनोरा आडवा झाला. काळं हलत नाय."

दुर्बिणीतली प्रत्येक गोष्ट मी हलवली होती. न हललेली एकच उरली होती.

"डावा डोळा लावा."

त्यांनी लावला. "आता नाय. बघा, कधी असतं कधी नसतं. म्हंजे आरसा ढिलाच हाय."

"चष्मा घाला आणि इकडे वळा." मी त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "माझ्या नाकाकडे बघा. माझं कपाळ दिसतं?"

"दिसतं."

"हनुवटी?"

ते मान खाली करून बघायला लागले, मी ती धरून सरळ ठेवली.

"हनुवटी नाय, ताई."

दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. माणूस जेवतो, बाजारात जातो, गाडीत चढतो, त्याला पत्ताही लागत नाही. एकच डोळा वापरायची वेळ आपल्यावर फारशी येत नाही. दुर्बिणीला मात्र एकच डोळा लागतो.

"गेल्या काही दिवसांत डोळ्यात काही चमकतं का?"

"तारे तुटतात तेवढंच. ह्या आठवड्यात लई तुटले. सगळे एकाच बाजूला."

"गच्चीवर?"

"गच्चीवर, घरात, मोरीत..." एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांनी ऐकलं असावं. "डोळं मिटलं तरी तुटतात, ताई."

मी डॉक्टर नाही. डोळ्याच्या आतला पडदा तपासण्याचं यंत्र माझ्याकडे नाही आणि निदान करणं माझं काम नाही. पण चमका, चिलटं आणि मग एका बाजूने चढणारं काळं, हे तीन शब्द एकत्र आले की काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. काही करायचं नसतं. माणूस ताबडतोब मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचवायचा असतो.

"घोसाळकरभाऊ, डोळ्याचा पडदा भिंतीवरच्या कागदासारखा आतून चिकटलेला असतो. तुमचा वरून सुटत आला असावा. म्हणून खालचं दिसत नाही. मधोमध सुटला तर नजर जाईल आणि मग शिवून-चिकटवून फारसा उपयोग होत नाही. आत्ता पनवेलला जायचं."

"आत्ता?" ते हसले, खरंच हसले. "परवा भाचीचं लग्न हाय पोशीरला. उद्या हळद. मी मामा हाय, ताई. पोरीला मांडवात आणणार कोण? लग्न झालं की सोमवारी जातो."

"सोमवारपर्यंत थांबायचं नाही."

"दुखत तर नाय काय!"

"दुखत नाहीच. तेच वाईट आहे."

ते गॅलरीतून दुकानात आणि दुकानातून पायरीवर गेले. मी त्यांच्या मागे. "फिरू नका. डोक्याला हिसके देऊ नका," मी म्हणाले, तर त्यांनी फेऱ्या वाढवल्या. कारखान्यात हाताचं बोट फाटलं तरी पाळी पुरी केली होती, हे तर काहीच नाही, असं सांगत राहिले. मला वेगळीच धास्ती. मी चुकत असले तर? बहिणीच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला मामा नसणार, तो एका चष्मेवालीच्या शब्दावर. जन्मभर मला पोशीरच्या माणसांना तोंड दाखवता आलं नसतं.

मी त्यांच्याच फोनवरून शैलावहिनींना फोन लावला. त्यांना कधी भेटले नव्हते. सगळं सांगितलं, मला खात्री नाही हेही सांगितलं. पलीकडे त्यांनी शिट्टी देणारा कुकर बंद केला. मग त्या म्हणाल्या, "त्यांना द्या फोन."

फोन कानापासून लांब धरावा लागला इतका मोठा आवाज. त्यातलं एक वाक्य मी अजून विसरलेले नाही. "मांडवात मामा दुसरा हुबा ऱ्हाईल! डोळा दुसरा कुठनं आणायचा?"

घोसाळकरांनी फोन खाली ठेवला. स्टुलावर बसले.

मी दुकान बंद केलं, नाक्यावरून गाडी केली, त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. शैलावहिनी खोपोलीहून खालापूरमार्गे येऊन चौक गावच्या नाक्यावर उभ्या होत्या, हातात कपड्यांची पिशवी, लग्नासाठी भरलेल्या नव्या बांगड्या तशाच. गाडीत बसल्या आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. पनवेलपर्यंत त्या माणसाने किती चुळबूळ केली! दर स्पीडब्रेकरला वहिनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरायच्या आणि म्हणायच्या, "हलू नका वो." मी पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक मनातल्या मनात बाजूला ढकलत होते.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी झाली, डॉक्टरांनी बराच वेळ आत बघितलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी कुणी बसलं नाही. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "पडदा सुटलाय. मधला भाग अजून जागेवर आहे, पण फार वेळ राहणार नाही. उद्या सकाळी ऑपरेशन करू. बरं झालं आज आलात. कसं कळलं?"

शैलावहिनी म्हणाल्या, "दुर्बीण खोटी हाय म्हणून भांडायला गेले हुते."

ऑपरेशन झालं. पडदा आतून दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो वर वर जातो, म्हणून माणसाने तोंड खाली करून राहायचं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, चालताना नजर पायांवर. बुडबुडा जिरेपर्यंत असंच, आणि उंचावर बुडबुडा फुगतो म्हणून तोवर घाटही चढायचा नाही. ज्या माणसाला घटकाभर एका जागी बसता येत नव्हतं आणि ज्याने सारा हिवाळा मान वर करून काढला, त्याला डॉक्टरांनी जमिनीकडे बघत पडून राहायला सांगितलं.

लग्नाच्या दिवशी मी पनवेलला गेले. दवाखान्याजवळच शैलावहिनींच्या मावसबहिणीचं घर होतं, तिथे त्यांना ठेवलं होतं. घोसाळकर पलंगावर पालथे, डोकं पलंगाच्या कडेबाहेर, कपाळाखाली उशी. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी हात वर करून नमस्कार केला, मान वळवली नाही. जमिनीवर त्यांच्या तोंडाखाली मोबाइल ठेवलेला होता. पोशीरहून कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला होता. मांडवाचं छत, कुणाची तरी पाठ, करवल्या, परत छत. घोसाळकर उजव्या डोळ्याला पट्टी आणि डाव्या डोळ्याने ते बघत होते, आणि खालूनच ओरडत होते, "अरं फोन सरळ धर! पोरगी दाखव, पंखा काय दाखवतोस?"

मग पोरगी दिसली. धाकटा मामा, चुलत, तिच्यामागे उभा होता. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली, आवाज तुटत तुटत येत होता. शैलावहिनींनी माझ्या हातावर आणि नवऱ्याच्या लोंबत्या हातात अक्षता ठेवल्या. 'सावधान' ऐकू आलं की घोसाळकर मुठीतल्या थोड्या अक्षता सोडायचे. त्या सरळ खाली पडायच्या, मोबाइलच्या काचेवर, नवरीच्या डोक्यावर. शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी सगळी मूठ उघडली आणि नवरा-नवरी तांदळाखाली दिसेनाशी झाली. तांदूळ बाजूला करायला कुणीच वाकलं नाही. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. घोसाळकरांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब मोबाइलवर पडला.

"रडायचं नाय," वहिनी एकदम ओरडल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय काय?"

"रडायचं नाय असं नाय सांगितलं," ते खालून म्हणाले. "वर बघायचं नाय एवढंच सांगितलंय."

बुडबुडा जिरला. पुढे त्याच डोळ्यात मोतीबिंदू धरला, तोही काढला. नजर वाचली, पण पहिल्यासारखी नाही. पडदा एकदा सुटून चिकटला की त्यावर बारीक सुरकुती राहते. सरळ दाराची चौकट त्या डोळ्याला किंचित वाकलेली दिसते. घोसाळकर हे सांगताना चिडायचे. फिटर माणूस, जन्मभर सरळ ते सरळ आणि गोल ते गोल करण्यात गेलेला.

पावसाळाभर ते दुकानात येऊन मला छळत राहिले. आता कुठली दुर्बीण घेऊ? ही विकून टाकू का? दोन डोळ्यांची बायनॉक्युलर घेऊ का? ती लावून बघितली, तर एक डोळा सरळ दाखवतो आणि एक वाकडं, डोकं दुखायला लागलं. मोटरवाली घेऊ का? मी सांगितलं, दुर्बीण तीच ठेवा, डोळा बदला. डावा वापरायला शिका. ते त्यांना जमेना. उजवा मिटताच येत नव्हता, सवयीने तोच पुढे यायचा. मी कापडाची काळी पट्टी शिवून दिली. ती लावून ते गॅलरीतून मनोरा बघायचे, चुकीच्या बाजूने वाकायचे, नाक आपटायचे, शिव्या घालायचे. "ह्या वयात डावखुरा व्हायला लावता ताई तुमी!"

त्यानंतर मी एक नियम केला. दुर्बीण मागायला कुणीही आलं की आधी एक डोळा झाकायला लावायचा, मग दुसरा. समोरच्या कपाटाच्या कडा सरळ दिसतात का, माझा चेहरा पुरा दिसतो का, विचारायचं. गिऱ्हाइकं वैतागतात. "आम्ही दुर्बीण घ्यायला आलोय, चष्मा नको," म्हणतात. काही जण उठून जातात आणि ऑनलाइन मागवतात. जाऊ देत. पण ते गेले की मी पायरीवर येऊन त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहते, आणि त्यांनी डोळा झाकला असता तर काय म्हणाले असते, हा विचार दुपारभर सुटत नाही. आता दुकान सूनबाई बघते. मी नुसती बसायला जाते, आणि बसत नाही.

त्याच पावसाळ्यानंतर, ढग हटल्यावर एका संध्याकाळी घोसाळकरांनी बोलावलं होतं. पळसदरीच्या तलावाकाठी, खोपोलीच्या कारखान्यांचे दिवे डोंगराआड राहतात तिथे. भाची आणि तिचा नवरा पोशीरहून आले होते. शैलावहिनींनी डब्यात पोहे आणले होते. अजून पुरतं काळोखलं नव्हतं, पण अर्धा चंद्र वर होता. घोसाळकरांनी दुर्बीण खोक्यावर टेकवली, पट्टी लावली, डाव्या डोळ्याने चंद्र पकडला. एका फटक्यात. माझ्याकडे बघून मिशीत हसले.

मग कुणी बघत नाही असं वाटून त्यांनी पट्टी डाव्या डोळ्यावर सरकवली आणि उजवा लावला.

मी बघत होते. त्या डोळ्याने त्यांनी दुर्बिणीतून बघितल्याला कितीतरी महिने झाले होते.

"मामा, काय दिसतंय?" भाचीने विचारलं.

"ह्या डोळ्यात चेपलाय. कडेला, पत्र्याला ठोकर बसल्यागत." ते वाकलेलेच. "त्या डोळ्यात कड गोल."

"मग खरा कुठला?"

"दोन्ही माझंच."

"अवो, पोरीला बघू द्या की आता," शैलावहिनी म्हणाल्या. "तिला बोलावलंय नि तुमीच चिकटलाय."

घोसाळकरांनी डोळा न काढता एक हात मागे केला, थांबवायला करतात तसा.

"थांब गं. जरा थांब."